भिंतीवरची शकू

शकूबाईची ओळख करून द्यायची तर तिच्या हाकेपासून सुरुवात करायला हवी. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात ती सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन येते, गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि "सुकट, बोंबील, जवला" अशी एकच हाक देते. दुसरी हाक नाही. ज्याच्या तोंडाला चव आहे त्याला एक हाक पुरते आणि ज्याला नको आहे त्याच्या कानाशी ओरडून उपयोग नाही, असं तिचं म्हणणं. हाक दिली की ती पहिल्या पायरीवर बसते, पदराने मान पुसते आणि वाट बघते. मग एकेक दार उघडतं.

कोणाच्या घरी काय चाललंय ते तिला तोंडपाठ असतं. बाळंतीण असलेल्या घरी ती बोंबील स्वतः निवडून देते. नुकतंच कोणी गेलेलं असेल त्या दारात टोपली न उतरवता नुसती थांबते, चार शब्द बोलते आणि पुढे जाते. भाव करणाऱ्या बायका तिला आवडतात. न बोलता पैसे देऊन दार लावून घेणाऱ्या तिला आवडत नाहीत. "ती मासली घेत नाय, मना घालवते," असं ती त्यांच्याबद्दल म्हणते.

पण गेल्या काही वर्षांत तिला पायरीवर बसू न देणारी माणसं वाढली. फुलपाड्याच्या एका नव्या इमारतीत रखवालदाराने तिला लिफ्टपाशी अडवलं. वास लिफ्टमध्ये राहतो, लोक तक्रार करतात, असं तो हिंदीत म्हणाला. शकूबाई टोपलीसह जिना चढून वर गेली, ज्या बाईने फोन करून बोलावलं होतं तिला माल दिला आणि खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबून हाक देत आली. एरवी एकच हाक देणारी बाई त्या दिवशी जिनाभर ओरडली. पुढे त्या इमारतीत ती गेली नाही. बोलावणं आलं तरी गेली नाही.

शकूबाईचं घर भाटीपाड्याला. अर्नाळ्याच्या अलीकडची ही छोटी कोळीवस्ती. नवरा काशीराम आता समुद्रावर जात नाही, गुडघे गेले. दिवसभर ओट्यावर जाळी विणत बसतो. बोलतो कमी, आणि बोललाच तर जाळ्याकडे बघून बोलतो, म्हणजे समोरच्याला कळत नाही की हा आपल्याशी बोलला की जाळ्याशी.

वस्तीच्या पश्चिमेला मासळी सुकवायचं खळं आहे. दिवसभर ऊन आणि समुद्रावरून येणारा वारा. तिथे बांबूंच्या वलांडी उभ्या राहतात, म्हणजे बांबू पुरून त्यांना ओळीने आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. त्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला. खाली जाळ्यांवर जवळा आणि मांदेली. प्रत्येक घराची जागा ठरलेली, सासूकडून सुनेला आलेली. या जागेचा कागद कोणाकडेच नाही. कागदाऐवजी एक रीत आहे. पावसाळ्यात वलांडी काढून ठेवतात, पण प्रत्येक घराचा एक बांबू खळ्यात उभा राहतो. त्याला राखणा म्हणतात. वादळ येवो की भरती आत येवो, राखणा उपटायचा नाही. तो उभा आहे तोवर जागा त्या घराची. उपटला की जागा सुटली, मग कोणीही यावं आणि बसावं. खळ्यावर याच रितीने आजवर भांडणं मिटली.

खळ्याच्या पूर्वेच्या कडेला आरोग्य उपकेंद्राची लांबलचक भिंत आहे. या भिंतीवरून सगळं घडलं.

किनारा सुशोभीकरण समितीने ठरवलं की भिंतीवर मोठं चित्र काढायचं. समितीचे प्रमुख चंद्रहासराव बँकेतून निवृत्त होऊन अर्नाळ्याच्या रस्त्याला घर बांधून राहिलेले. माणूस वाईट नाही. सकाळी समुद्रावर फिरायला जाताना हातात पिशवी घेऊन जायचा आणि वाटेतलं प्लास्टिक स्वतः वाकून उचलायचा. चित्राचा विषयही त्यांनी मनापासून निवडला होता. इथली माणसं, इथलं खाणंपिणं, आरोग्याची जुनी जाण. कोकणातून, देशावरून येऊन इमारतींत राहिलेल्या मुलांना कळू दे की ही भूमी कोणाची, असं ते सभेत म्हणाले होते.

चित्र काढायचं काम मिळालं संपदाला. ही मनवेलपाड्याच्या आशालताबाईंची मुलगी. आशालताबाई म्हणजे शकूबाईची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त भाव करणारी गिऱ्हाईक. संपदा रांगत होती तेव्हापासून शकूबाईने तिला पाहिलेलं. ती वही घेऊन भाटीपाड्याला आली आणि म्हणाली, "मावशी, भिंतीवर मध्यभागी तुम्ही. बोंबील लावताना." शकूबाई पाय पसरून जवळा निवडत होती. ती म्हणाली, थांब, तोंड धुऊन येते. संपदा म्हणाली, नको, अशाच हव्यात.

त्या रात्री जेवताना शकूबाईने ते काशीरामला दोनदा सांगितलं. भिंतीवर लिहिणार आहेत की सुकी मासळी हाडांना चांगली. बाळंतिणीला चांगली. मोठ्या अक्षरात. फुलपाड्याचा तो रखवालदार कधी इथून गेला तर वाचेल. काशीराम जाळ्याकडे बघत म्हणाला, "घरात एक पुरे होती."

चूक झाली ती इथून पुढे, आणि ती शकूबाईची होती. चांगुलपणाच्या भरात झाली.

चित्रासाठी परांची बांधायची होती. भिंतीलगतच्या वलांडी हलवणं भाग होतं, त्याला कोणाची ना नव्हती. पण संपदाने बिचकत सांगितलं की मागचे बांबूही आड येतात, लांबून चित्राचा अंदाज घेता येत नाही, आठवडाभर सगळंच मोकळं मिळालं तर बरं होईल. शकूबाईने लगेच शब्द दिला. आपल्या घरी पाहुणा आला तर आपण ओसरी रिकामी करतो, तसं तिला वाटलं. खळ्यावरच्या बायका तिचं ऐकत. वलांडी निघाल्या. आता उरले राखणे.

तिथे बारकूबाय आडवी आली. नाव बारकू, पण ही बाई दारात उभी राहिली की आतलं घर दिसत नाही. खळ्यात तिची जागा शकूबाईच्या शेजारची, आणि दोघींचं भांडण चाळीस पावसाळ्यांचं.

"राखना काढायचा नसतो, गो," बारकूबाय म्हणाली. "माझ्या सासूनं पुरात पन काढला नाय."

"तुझ्या सासूची तसबीर कोनी भिंतीवर काढली होती काय?" शकूबाई म्हणाली.

बायका हसल्या. शकूबाईने आपला राखणा हलवून हलवून उपटला, आणि बारकूबाय बघत उभी असताना तिचाही आपल्या हाताने उपटला. मग बाकीच्यांनी आपापले काढले. वस्तीजवळच्या वाडीवाल्या फेबियनच्या टेम्पोत भरून सगळे बांबू त्याच्या केळीच्या वाडीत नेऊन ठेवले.

आठवडा म्हणता म्हणता दिवाळी उलटली. बायका कौलांवर, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला मासळी सुकवत राहिल्या. कुत्र्यांनी नेली तेवढी नेली. पण कोणी कुरकुर केली नाही, कारण भिंत रोज बदलत होती. एका टोकाला वाडीतल्या केळी आणि विहीर. मग शेगडीजवळ बाळाला तेल लावणारी बारकूबाय, तिचे ते भलेमोठे हात आणि त्यात मावलेलं इवलंसं बाळ. मग लग्नाच्या मांडवात धवले गाणारी म्हातारी वेणूबाय. वेणूबायला ऐकू येत नाही, पण गाणं अजून एका ठिकाणी चुकत नाही. वलांडीभोवती खळ्यावरच्या बाकीच्या बायका. जाळं विणणारा काशीराम, पाठमोरा नाही, चांगला समोरून. आणि मधोमध शकू, चेहराच माणसाच्या उंचीएवढा, हसरा, वर केलेल्या हातात बोंबलांची जोडी. खाली अक्षरं: सुकी मासळी, हाडांचं बळ.

सगळी वस्ती बघायला आली. शकूबाई लाजून मागे उभी राहिली, आणि मग सगळे गेल्यावर पुन्हा एकटी जाऊन बघून आली.

परांची निघाली तेव्हा खळ्यावर गवंडी आले. त्यांनी भिंतीसमोर लाद्या बसवल्या, चार बाकं मांडली आणि दोन लोखंडी खांब पुरून त्यावर फलक लावला: "येथे मासळी सुकवू नये. भित्तिचित्राचे सौंदर्य राखा." फलक नेमका भिंतीवरच्या शकूच्या कोपराखाली आला.

बायका जमल्या तेव्हा चंद्रहासराव स्वतः समजवायला आले. फलक लावून तोंड लपवणाऱ्यांतले ते नव्हते. मासळीचं पाणी रंगावर उडतं, कावळे आणि बगळे भिंतीवर बसून घाण करतात, महिनाअखेरच्या रविवारी उद्घाटन आहे, बाहेरून पाहुणे येणार, पुढेही लोक येत राहणार, असं सगळं त्यांनी नीट सांगितलं. वर म्हणाले, जागा तर रिकामीच होती, तुम्हीच रिकामी केलीत. आणि तुम्हाला वाऱ्यावर सोडलेलं नाही, मागे खाडीच्या बाजूला दुसरी जागा दिली आहे. शेवटी ते शकूबाईकडे वळून प्रेमाने म्हणाले, "शकूताई, तुम्ही तर आता कायमच्या इथेच आहात ना."

ते हे मनापासून बोलले, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.  

खाडीच्या बाजूला वारा येत नाही. चिखल, तिवरांची सावली, चिलटं. बायकांनी तिथे बोंबील लावून पाहिले. आभाळ जरा झाकोळलं आणि मासळीत अळ्या पडल्या. सगळा माल कोंबड्यांच्या खाद्याला गेला. त्यानंतर खळ्यावरच्या बायका शकूबाईशी बोलेनाशा झाल्या. भांडल्या असत्या तर तिला सोसलं असतं. ती नळावर आली की त्या हंडा उचलून बाजूला व्हायच्या, तिला नंबर द्यायच्या. एकदा बारकूबाय तेवढी बोलली. तिने भिंतीकडे हात केला.

"बघ, कशी हसते हाय आमाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शकूबाई मनवेलपाड्याला गेली. टोपली घेतली नाही. गल्लीच्या तोंडाशी हाकही दिली नाही. सरळ आशालताबाईंच्या घरी जाऊन बसली. आशालताबाईंनी चहा ठेवला. संपदाचा चेहरा उतरलेला होता. आपण समितीशी बोललो, भांडलो, पण काही उपयोग झाला नाही, हे तिने खाली मान घालून सांगितलं. फलकाचं तिला आधी माहीतही नव्हतं. शकूबाईने ते ऐकून घेतलं. पोरीवर तिचा राग नव्हता. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"माझा तोंड पुसायचा तर कोनाला इचारावा लागंल?"

संपदाने आपला कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "चेहरा तुमचा आहे, मावशी. पण चित्र आता समितीचं झालं."

"मंग तोंडच तेवढा," शकूबाई म्हणाली. "बाकीचा ठेवा तुमी."

तिने चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि उठली.

घरी येऊन तिने काशीरामला सांगितलं.  पडवीत होडीला लावायच्या पांढऱ्या रंगाचा डबा होता. खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकणारा रंग. त्याने डबा उघडला, काडीने ढवळला आणि म्हणाला, "पातल नको लावू. दोन हात दे." मग गुडघे धरत उठला आणि शिडी खांद्यावर घेऊन तिच्या पुढे चालू लागला. वाटेत दोनदा थांबला. तिने शिडी मागितली, ती त्याने दिली नाही.

उद्घाटनाच्या आधीच्या शुक्रवारचं टळटळीत दुपारचं ऊन होतं. चोरून करायचं असतं तर तिला रात्र मिळाली असती. तिने भर दुपार निवडली. उपकेंद्रात बाळांना लस टोचून घ्यायला आलेल्या आया बाहेर आल्या, रिक्षावाले थांबले, वस्तीतल्या बायका दूर उभ्या राहिल्या. शकूबाईने पदर खोचला, शिडीवर चढली आणि पहिला हात आपल्या हसण्यावर मारला. मग गाल, नाक, कपाळ, कपाळावरचं कुंकू. डोळे तिने शेवटी ठेवले. ते संपदाने फार चांगले काढले होते.

कोणीतरी फोन केला असणार. चंद्रहासराव स्कूटरवरून आले ते हेल्मेट न काढताच पुढे आले.

"शकूताई, हे काय चालवलंय? सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आहे हे."

शकूबाई शिडीवरून म्हणाली, "तोंड सार्वजनिक हाय काय, साहेब?"

बाळं घेऊन उभ्या असलेल्या आयांमध्ये कोणीतरी हसलं. चंद्रहासरावांनी हेल्मेट काढलं. शकूबाईने ब्रश डब्यात ठेवला आणि जे सांगितलं ते ओरडून नाही, नळावर बोलतात तशा आवाजात सांगितलं.

"माझा तोंड माझ्या जागेवर शोभतो. खला आमचा तर तोंड आमचा. खला नाय तर तोंड पन नाय. बोंबील तुमी काढलाव, त्याला मी हात नाय लावला. तो बघा आनि खा."

त्यांनी संपदाला फोन लावला. रविवारच्या आत चेहरा पुन्हा काढून दे, म्हणाले. तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी फोन खिशात ठेवला तो जरा जोरात ठेवला. पुढे कळलं की संपदा म्हणाली होती, ज्यांचा चेहरा आहे त्यांनी सांगितल्याशिवाय मी ब्रश उचलणार नाही, हवं तर दुसरा माणूस बघा. रविवारच्या आत दुसरा माणूस कुठून मिळणार?

शकूबाई खाली उतरली तेव्हा बारकूबाय शिडीपाशी उभी होती. ती म्हणाली, "सरक." ब्रश घेतला आणि शेगडीजवळ बसलेल्या स्वतःच्या चेहऱ्यावर दोन दणदणीत हात फिरवले. बाळाला मात्र तिने थेंब लागू दिला नाही. "त्यानं काय केलंय?" ती म्हणाली. मग वेणूबायला धरून आणलं. तिला काय चाललंय ते खुणांनी सांगावं लागलं. कळल्यावर तिने ब्रश असा धरला की जणू नवरीला हळद लावायचं पानच हातात आहे, आणि हळूहळू आपलं तोंड पांढरं केलं. एकेक करत सगळ्या आल्या. सगळ्यांत शेवटी काशीराम. स्वतःचा चेहरा झाकून तो म्हणाला, "हा तसा पन कोनी ओलखला नव्हता."

संध्याकाळी भिंतीवर केळी होत्या, समुद्र होता, शेगडी, मांडव, जाळं, बोंबलांची जोडी, सगळं होतं. माणसांना तेवढे चेहरे नव्हते.

शनिवारी शकूबाई घरोघर फिरली. या वेळी तिने शब्द दिला नाही, विचारलं. उद्या वलांडी पुन्हा उभ्या करायच्या काय? पोलीस येतील, कदाचित बांबू उचलून नेतील. ज्या घरात होकार मिळाला नाही तिथे ती बसून राहिली आणि त्यांचं म्हणणं ऐकलं. बारकूबायच्या दारात ती उभी राहिली तेव्हा म्हणाली, "तुझा राखना मी उपटला. तो मी लावीन, पन तू म्हनशील तर." बारकूबाय म्हणाली, माझा मीच लावीन, तुझा हात लागला की परत काय होईल सांगता येत नाही. तो होकार होता.

फेबियनला समितीतल्या कोणीतरी बजावलं होतं की बांबू इतक्यात देऊ नकोस. रविवारी सूर्य वर येण्याआधी त्याचा टेम्पो खळ्यावर उभा होता. तो चर्चला जायच्या कपड्यांत होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बांबू माझे नाहीत, ज्यांचे आहेत त्यांनी मागितले, एवढंच तो म्हणाला, आणि शर्टाला डाग न लागू देता उतरवायला हात लावत राहिला. लाद्यांमध्ये खड्डे घेता येईनात, म्हणून बायकांनी लाद्यांच्या कडेने पहारीने खणलं. दोरी ताणायला दोन बांबू कमी पडले, तर फलकाचे लोखंडी खांब मजबूत निघाले. बाकांवर जाळी पसरून जवळा वाळत घातला. पहाटे होड्या भरून आल्या होत्या. ऊन वर आलं तोवर खळ्यावर बोंबलांच्या रांगाच रांगा वाऱ्यावर हलत होत्या, आणि त्यांच्यामागे ती बिनचेहऱ्याची भिंत.

उद्घाटनाचा मांडव रस्त्याच्या कडेला होता. पाहुणे आले, गाडीतून उतरले आणि थबकले. चंद्रहासराव त्यांच्यापाशी काही बोलले आणि एकटेच खळ्यात आले. त्यांनी घडी केलेला हातरुमाल नाकाला लावला नाही, हे शकूबाईने पाहिलं आणि मनात धरलं.

ते हलक्या आवाजात बोलले. पोलिसांना बोलवायची माझी इच्छा नाही. दोन तासांपुरत्या वलांडी बाजूला घ्या, कार्यक्रम होऊ दे, पुढच्या आठवड्यात बसून बोलू. तुम्ही हो म्हणा, तुमचं सगळ्या ऐकतात.

याच्यात वाईट काही नव्हतं. दोनच तास. मागेही आठवडाच होता. शकूबाईच्या ओठांवर 'हो' आलं होतं, पण तिने ते गिळलं.

"मना इचारू नका, साहेब. मागं मी एकटीनं हो म्हटला आनि सगल्यांची जागा घालवली. आता ह्या रांगेला इचारा. एकेकीला."

"सगळ्यांना?"

"तोंडं सगल्यांची पुसली ना?"

चंद्रहासरावांनी मांडवाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग खरोखर ते रांगेत शिरले. हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. डोक्याला बोंबील घासत ते बारकूबायपाशी गेले आणि त्यांनी विचारलं. बारकूबाय म्हणाली, नाय. पुढचीने नकारार्थी मान हलवली. तिच्या पुढची म्हणाली, दोन तासांत आमची मासली उलटीपालटी करायची कोनी? त्यापुढची नुसती हसली आणि कामाला लागली. प्रत्येकीपाशी त्यांना तोच प्रश्न नव्याने विचारावा लागला, आणि दर खेपेला तो जरा लहान होत गेला. सुरुवातीला त्यात सौंदर्य, पाहुणे, सहकार्य असं बरंच होतं. शेवटी शेवटी "हलवाल का?" एवढंच उरलं.

रांगेच्या टोकाला वेणूबाय बसली होती. तिला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी वाकून मोठ्याने विचारलं, आणि ते मांडवातल्या माईकपर्यंत पोचलं.

"आजी, मासळी इथून हलवाल का?"

"कुठं?"

"खाडीकडे!"

"तिकडं वारा नाय रे बाबा," वेणूबाय म्हणाली, आणि त्यांच्या हातात बोंबलांची एक जोडी दिली. "ही लाव वर. माझा हात नाय पोचत."

चंद्रहासरावांनी ती जोडी हातात घेतली. एका बाजूला मांडव भरलेला, दुसऱ्या बाजूला बायकांची रांग, सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ती दोरीवर टाकली. वेडीवाकडी टाकली, एक मासा घसरून खाली पडला. तो त्यांनी प्लास्टिक उचलायच्या सवयीने लगेच वाकून उचलला आणि परत लावला. मग हात झटकत मांडवात गेले. फीत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, केळींच्या चित्राशी कापली गेली. भाषणं आटोपशीर झाली. पोलीस आले नाहीत.

याला आता काही महिने झाले. फलक तसाच आहे. काढा असं कोणी म्हटलं नाही आणि पाळा असंही नाही. समितीची पुढची सभा खळ्यातच झाली, बाकांवर जवळा असल्यामुळे सगळ्यांना जमिनीवर बसावं लागलं. जागेचं पक्कं काही ठरलं नाही. चंद्रहासराव म्हणतात, वरून उत्तर यायचं आहे. शकूबाई म्हणते, उत्तर वरून कशाला, खला तर खाली हाय.

बिनचेहऱ्याच्या भिंतीचे फोटो काढायला मात्र लोक लांबून येतात. कोणी विचारतं की ही मधली बाई कोण. शकूबाई बोंबील लावता लावता म्हणते, असेल कोनी. मनवेलपाड्याला ती अजून जाते, एकच हाक देते. आशालताबाई अजून तेवढाच भाव करतात.

संपदा पंधरा दिवसांनी एकदा येते, पिशवीत रंग असतात. मावशी, वलांडी तर उभ्या आहेत, आता चेहरे काढू का, असं विचारते. शकूबाई तिला दरवेळी रांगेत पाठवते. ती एकेकीला विचारते. वेणूबाय हो म्हणाली आहे, पण दात काढू नकोस म्हणते, मांडवात होते तेव्हा दात होते, आता नाहीत. काशीराम म्हणतो, माझ्या जागी होडी काढली तरी चालेल. बाकीच्याही राजी आहेत.

एकटी बारकूबाय अडून आहे. एक पावसाळा जाऊ दे, म्हणते. बांबू उभे राहतात का बघू, मग तोंडाचं बघू. मागच्या खेपेला संपदाने शकूबाईला गळ घातली की मावशी, तुम्ही तरी समजवा त्यांना, तुमचं ऐकतील.

शकूबाईने दोरीवरून हात काढला नाही. "नाय ऐकनार," ती म्हणाली. "आनि बरा हाय."